घरचा हिशेब : किमतीतून वजा न होणारा विसार

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न वारंवार दिसतो. मुलगा किंवा जावई दुबईत, कुवेतमध्ये किंवा दोह्यात नोकरीला आहे. हाती चार पैसे शिल्लक राहतात. तो घरी सांगतो, ''मी बिटकॉइन घेत नाही. अमेरिकेच्या शेअरबाजारात बिटकॉइनचे फंड आहेत, त्या फंडांवर ऑप्शन करतो. तिथल्या सरकारची मंजुरी आहे. यात व्याज नाही, प्रीमियम मिळतो.'' घरातल्या वडीलधाऱ्यांना यातले निम्मे शब्द कळत नाहीत, आणि विचारायला गेले की ''तुम्हाला नाही समजणार'' असे उत्तर मिळते. एका भगिनीने तर थेट विचारले आहे : अम्मी-अब्बांच्या हजसाठी बाजूला काढलेली रक्कम भाऊ यात घालू म्हणतो, घालू द्यावी का?

हा विषय न समजण्यासारखा नाही, असे आम्हाला वाटते. ज्या घराने जमीन किंवा खोली घेताना कधी विसार दिला आहे, त्या घराला तो समजेल. फक्त पायरी पायरीने जावे लागेल.

आधी फंड म्हणजे काय ते पाहू

बिटकॉइन २००९ सालापासून चालू आहे. त्याच्या मागे कुठले सरकार नाही, सोने नाही, कारखाना नाही. घेणारा आणि विकणारा मिळून जो ठरवतील तो भाव. म्हणूनच तो भाव फार हलतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनची किंमत सुमारे ६९ हजार डॉलरपर्यंत गेली होती. वर्षभरात ती १६ हजारांच्या आसपास आली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने पहिल्यांदा एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला.

बिटकॉइन थेट घेतले तर ते सांभाळण्याची जबाबदारी आपली. गुप्त शब्द हरवला तर पैसा गेला. ज्या कंपनीकडे ठेवले ती बुडाली तरी पैसा गेला. एफटीएक्स ही मोठी कंपनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा असंख्य ग्राहकांचे पैसे अडकले. यावर तोडगा म्हणून फंड आले. फंड स्वतः बिटकॉइन विकत घेतो, ते एका सांभाळदार संस्थेकडे ठेवतो आणि त्याचे छोटे हिस्से, म्हणजे युनिट, शेअरबाजारात विकतो. घेणाऱ्याला इतर शेअरसारखेच ते आपल्या खात्यात दिसतात.

अमेरिकेत शेअरबाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे एसईसी. आपल्याकडे जशी सेबी. तिने बरीच वर्षे असे अर्ज फेटाळले. शेवटी १० जानेवारी २०२४ रोजी तिने अशा फंडांना बाजारात येऊ दिले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. त्यांतला सर्वांत मोठा फंड ब्लॅकरॉक कंपनीचा 'आयशेअर्स बिटकॉइन ट्रस्ट'. नॅसडॅक या शेअरबाजारात तो 'आयबिट' या नावाने ओळखला जातो.

'सरकारची मंजुरी आहे' हे वाक्य इथून आले. पण ज्या दिवशी मंजुरी दिली त्याच दिवशी एसईसीचे तेव्हाचे अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी निवेदन काढून सांगितले होते की, परवानगी या फंडांचे हिस्से बाजारात आणण्यापुरती आहे, बिटकॉइनला आम्ही मान्यता किंवा शाबासकी दिलेली नाही, आणि लोकांनी सावध राहावे. म्हणजे मंजुरी देणाऱ्यानेच मंजुरीचा अर्थ मर्यादित ठेवला होता. आपल्या घरांपर्यंत बातमीचा पहिला अर्धा भाग पोहोचला, दुसरा पोहोचला नाही.

आता ऑप्शन

समजा, एका माणसाला पाच गुंठे जागा पसंत आहे. भाव ठरला दहा लाख. त्याने पन्नास हजार विसार दिला आणि तीन महिन्यांची मुदत घेतली. मुदतीत बाकीचे साडेनऊ लाख दिले तर जागा त्याची. नाही दिले तर विसार बुडाला. या तीन महिन्यांत तिथून रस्ता जाणार अशी बातमी आली आणि जागेचा भाव पंधरा लाख झाला, तरी विकणाऱ्याला ती दहातच द्यावी लागेल.

ऑप्शनचा सांगाडा असाच असतो. ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने एखादी वस्तू घेण्याचा हक्क पैसे देऊन मिळवायचा. याला कॉल म्हणतात. ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क घेतला तर त्याला पुट म्हणतात. हक्कासाठी मोजलेली रक्कम म्हणजे प्रीमियम.

पण विसारात आणि यात दोन फरक आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला : विसार किमतीतून वजा होतो, प्रीमियम होत नाही. सौदा पुरा केला तरी प्रीमियम विकणाऱ्याचाच राहतो आणि वस्तूची पूर्ण किंमत वेगळी मोजावी लागते. दुसरा : विसार देणाऱ्याला बहुधा खरोखर जागा हवी असते. ऑप्शन घेणाऱ्या बहुतेकांना वस्तू नकोच असते. त्यांना ती 'विसार पावती'च दुसऱ्याला जास्त भावाने विकायची असते, आणि तो दुसरा ती तिसऱ्याला विकतो.

एसईसीने आयबिट फंडावर असे ऑप्शन चालवायला २० सप्टेंबर २०२४ रोजी संमती दिली. बाकीच्या परवानग्या आणि तयारी होऊन प्रत्यक्ष व्यवहार १९ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झाला. पहिल्याच दिवशी सुमारे साडेतीन लाख करार झाले आणि त्यांच्या मागच्या युनिटांची किंमत सुमारे १९० कोटी डॉलर होती. त्यांत भाव चढेल असे धरणारे कॉल हे पुटच्या चौपटीहून जास्त होते. एप्रिल २०२५ मध्ये इथर या दुसऱ्या नाण्याच्या फंडांवरही अशा ऑप्शनना परवानगी मिळाली.

एक हिशेब मांडून पाहू

खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या एका दिवसाचे बाजारभाव नव्हेत. अमेरिकेत एक करार १०० युनिटांचा असतो. समजा, फंडाच्या एका युनिटचा भाव ५० डॉलर आहे. एका तरुणाने महिनाभराच्या मुदतीचा, ५५ डॉलर भावाचा कॉल घेतला. प्रीमियम युनिटमागे २ डॉलर. म्हणजे १०० युनिटांचे २०० डॉलर गेले.

महिन्याच्या शेवटी युनिट ५४ डॉलरला आहे. भाव आठ टक्के चढला. तरुणाचा अंदाज बरोबर ठरला. त्याला काय मिळाले? काहीच नाही. बाजारात ५४ ला मिळणारी वस्तू ५५ ला घेण्याच्या हक्काला कोण विचारतो? त्याचे २०० डॉलर पूर्ण बुडाले. भाव ५७ झाला तर तो कसाबसा मुद्दलात येतो. ६० झाला तर ३०० डॉलर नफा होतो, आणि मित्रांना हीच शेवटची गोष्ट सांगितली जाते.

साधे युनिट घेऊन बसलेल्या माणसाचा भाव ५४ झाल्यावर फायदाच झाला असता. भाव उतरला असता तरी तो वाट पाहू शकला असता. ऑप्शन घेणाऱ्याला दिशा, किती चढेल आणि केव्हा चढेल, या तिन्ही गोष्टी बरोबर सांगाव्या लागतात. मुदत जवळ येईल तसा, भाव जागचा हलला नाही तरी, त्या हक्काचा पैसा दिवसागणिक झिजतो. शिवाय बिटकॉइनचा भाव फार हलणारा, म्हणून त्यावरचा प्रीमियमही चढा असतो. जास्त चढ-उताराची किंमत विकणाऱ्याने आधीच वसूल केलेली असते.

आता विकणाऱ्याकडून बघू. त्याला २०० डॉलर ताबडतोब मिळाले. हेच ते 'प्रीमियमचे उत्पन्न'. पण त्याच्याकडे युनिट नसतील आणि भाव ७० झाला, तर ७० ला घेऊन ५५ ला द्यायचे. १०० युनिटांवर १,५०० डॉलरचा फटका. मिळालेले २०० वजा केले तरी १,३०० गेले. भाव कुठवर चढेल याला छत नाही, म्हणून या नुकसानीलाही छत नाही.

दुसरा प्रकार, युनिट आधी विकत घेऊन त्यावर कॉल विकण्याचा. ''घर आपले, वर भाडे चालू'' अशी याची जाहिरात होते आणि 'दरमहा उत्पन्न' देणारे काही फंड याच पद्धतीवर चालतात. वरच्याच आकड्यांत बघा. ५,००० डॉलरचे १०० युनिट घेतले, ५५ भावाचा कॉल विकून २०० मिळाले. भाव ७० झाला : युनिट ५५ ला द्यावे लागले, एकूण नफा ७००. कॉल विकला नसता तर २,००० झाला असता. भाव ३० झाला : तोटा २,०००, त्यातून मिळालेले २०० वजा, म्हणजे १,८००. चढाईतला मोठा वाटा दुसऱ्याला, घसरणीतला जवळजवळ सगळा आपल्याला. भाड्याने दिलेल्या घराची ही रीत नव्हे. भाडेकरू वर्षभर भाडे देतो आणि घर जागेवर राहते. इथे महिन्याला हातात येणारी रक्कम ही बहुतांशी आपणच उचललेल्या जोखमीचा मोबदला असते, आणि एका वाईट महिन्यात अनेक महिन्यांचा मोबदला परत जाऊ शकतो.

'बाजारात नोंद आहे' याचा अर्थ

इथे एक गोष्ट निष्पक्षपणे सांगितली पाहिजे. शेअरबाजारात नोंद असलेला ऑप्शन आणि टेलिग्रामवरच्या कुणा ॲपचा ऑप्शन यांत खरोखरच मोठा फरक आहे. अमेरिकेत शेअरवरच्या ऑप्शनचा नोंदणीकृत बाजार शिकागोत २६ एप्रिल १९७३ रोजी सुरू झाला, तोही फक्त १६ कंपन्यांच्या कॉलवर. त्याच काळात ऑप्शन्स क्लिअरिंग कॉर्पोरेशन ही संस्था उभी राहिली. ती प्रत्येक व्यवहारात मध्ये उभी राहते : विकणाऱ्यासाठी घेणारा ती आणि घेणाऱ्यासाठी विकणारा ती. विकणाऱ्यांच्या बाजूने तारण ठेवले जाते, आणि समोरचा पळाला तरी जिंकलेल्याला पैसे मिळतात. शिवाय एका हातात किती करार असावेत यावर मर्यादा असते. आयबिटच्या बाबतीत ती सुरुवातीला २५ हजार करारांची, म्हणजे मुद्दाम खालची ठेवली होती. २०२५ मध्ये ती वाढवण्यात आली.

तेव्हा बाजारातली नोंद एवढी हमी देते की हिशेब चोख होईल. तो हिशेब आपल्या बाजूने होईल, ही हमी ती देत नाही. एका करारात एकाने कमावलेला डॉलर दुसऱ्याने गमावलेला असतो, आणि दोघांकडून दलाली वेगळी जाते. जमीन पिकते, दुकान चालते, कंपनी माल बनवते. तिथे दोघांचा फायदा होऊ शकतो. ऑप्शनच्या मुदतीत असे काही पिकत नाही.

मग हे कोणाच्या उपयोगाचे? ज्याच्याकडे आधीच बिटकॉइनची मोठी रक्कम अडकली आहे त्याच्या. बिटकॉइन तयार करणाऱ्या खाण-कंपन्या, मोठे फंड, बाजारात दोन्ही बाजूंचे भाव सांगणाऱ्या पेढ्या. असा माणूस पुट घेतो तेव्हा तो पडझडीविरुद्ध एक प्रकारचा विमा उतरवत असतो. त्याला तोलायला खरे ओझे आहे. दुबईच्या खोलीत मोबाइलवर बसलेल्या आपल्या मुलाला असे ओझे नाही, आणि त्याच्या समोर बसलेल्या पेढीकडे संगणक, गणिती आणि वर्षांचा अनुभव आहे.

वेळेचाही विचार करा. बिटकॉइन दिवसरात्र, शनिवार-रविवारसुद्धा चालते. हे फंड आणि त्यांवरचे ऑप्शन मात्र अमेरिकेच्या बाजाराच्या वेळेतच चालतात. उन्हाळ्यात ती वेळ दुबईत संध्याकाळी साडेपाच ते रात्री बारा आणि भारतात संध्याकाळी सात ते रात्री दीड. हिवाळ्यात तासभर पुढे. शुक्रवारी रात्री बाजार बंद झाला आणि रविवारी बिटकॉइन कोसळले, तर सोमवारपर्यंत बाहेर पडायला दार नाही. आणि आठवड्याचे पाच दिवस कामावरून आल्यावर झोपेपर्यंत डोळे पडद्यावर. बायको-मुलांच्या फोनची वेळ तीच असते, हे वाचकांना सांगायला नको.

आपल्या बाजाराला हे नवे नाही

ऑप्शन अमेरिकेतून आले असे तरुणांना वाटते. मुंबईच्या जुन्या कापूस बाजाराला आणि सराफ्याला ही गोष्ट चांगली ओळखीची होती. कॉलला 'तेजी' म्हणत, पुटला 'मंदी', आणि दोन्ही मिळून 'तेजी-मंदी'. या व्यवहारांनी इतकी घरे बसली की मुंबई प्रांताने १९३९ मध्ये कापसावरच्या ऑप्शनवर बंदी घालणारा कायदा केला. पुढे १९५२ च्या वायदे बाजार कायद्याने मालावरचे आणि १९५६ च्या सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायद्याने शेअरवरचे ऑप्शन बंद केले. इंग्रजीत लिहिलेल्या या कायद्यांनी ऑप्शनची व्याख्या देताना 'तेजी', 'मंदी' आणि 'तेजी-मंदी' हे आपल्या बाजाराचे शब्द जसेच्या तसे घेतले आहेत.

शेअरवरची बंदी १९९५ मध्ये उठली आणि २००१ मध्ये राष्ट्रीय शेअरबाजारात ऑप्शन सुरू झाले. पुढचा हिशेब सेबीनेच मांडला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. तोट्याची सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये आणि एकूण बेरीज १.८ लाख कोटींच्या वर. त्यानंतर सेबीने करारांचा आकार वाढवला आणि दर आठवड्याला संपणारे करार कमी केले. ते नियम लागू होऊ लागले २० नोव्हेंबर २०२४ पासून. अमेरिकेत बिटकॉइन फंडावरचे ऑप्शन सुरू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी! ही आकडेवारी भारतातली आणि शेअरवरची आहे, बिटकॉइनची नव्हे, हे खरे. पण शेअरहून जास्त उसळणाऱ्या वस्तूवर तोच खेळ सामान्य माणसाला सोपा जाईल, असे मानायला आम्हाला कारण दिसत नाही.

उलेमांचे म्हणणे

फतवा देणे हे या सदराचे काम नाही. पण कुणी काय म्हटले आहे ते सांगता येते. आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिक्ह अकादमीने मे १९९२ मध्ये जेद्दाह येथील सातव्या अधिवेशनात ऑप्शनवर ठराव केला. जगातल्या बाजारांत चालतात त्या स्वरूपाचे ऑप्शन जायज नाहीत, कारण ज्याची विक्री होते ती वस्तू ना माल आहे, ना मालाचा वापर, ना मोबदला घेऊन सोडता येईल असा आर्थिक हक्क. आणि जे मुळात विकता येत नाही ते पुढे हस्तांतरितही करता येत नाही, असा त्याचा आशय आहे. इस्लामी वित्तसंस्थांचे मानदंड ठरवणाऱ्या आयोफी या संस्थेची भूमिकाही अशीच आहे.

विशेष म्हणजे याच अकादमीने पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये ब्रुनेईत, 'उरबून' म्हणजे विसाराचा व्यवहार मुदत ठरलेली असेल तर जायज ठरवला. विसाराबाबत जुन्या फकिहांत मतभेद होते : हंबली मजहब त्याला परवानगी देतो, तर हनफी, मालिकी आणि शाफई मजहबांचे म्हणणे वेगळे. आपल्याकडे कोकणी समाज बहुतांशी शाफई आणि उर्वरित महाराष्ट्रातील मुस्लिम बहुतांशी हनफी, म्हणून हा भेद आपल्या घरांनाही लागू आहे. तरीही अकादमीने विसाराला वाट दिली आणि ऑप्शनला दिली नाही, यामागचे कारण वर आलेच आहे. विसार खऱ्या खरेदीचा भाग असतो आणि किमतीत जमा होतो. प्रीमियम नुसत्या हक्काची किंमत असतो. काही अभ्यासकांनी याविरुद्ध मत मांडले आहे. मलेशियातील विद्वान मोहम्मद हाशिम कमाली हे त्यांतले ठळक नाव. मात्र बहुसंख्य मत अकादमीच्या बाजूचे आहे.

खुद्द बिटकॉइनबाबत मात्र एकमत नाही. इजिप्तच्या दारुल इफ्ताने २०१८ मध्ये ते नाजायज ठरवले. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून त्याला मनाई केली, पण काही अटी पुऱ्या होत असतील तर माल म्हणून खरेदी-विक्रीला वाव ठेवला. मलेशियाच्या शेअरबाजार नियामकाच्या शरीअत मंडळाने २०२० मध्ये डिजिटल मालमत्तेच्या व्यवहाराला तत्त्वतः परवानगी दिली. म्हणून घरात प्रश्न विचारताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. ''फंडाचे युनिट घेणे कसे?'' हा एक, आणि ''त्यावर ऑप्शन करणे कसे?'' हा दुसरा. मुले बहुधा पहिल्याच्या बाजूचे मत दाखवून दुसरा व्यवहार करतात. तसेच 'व्याज नाही' एवढ्याने व्यवहार हलाल होत नाही. कुरआनने व्याजासोबत मैसिर, म्हणजे जुगारही मना केला आहे, आणि व्यवहारातला गरर, म्हणजे मोठी अनिश्चितता, हाही फिक्हचा स्वतंत्र विषय आहे. आपल्या मजहबच्या जाणत्या मुफ्तींपुढे करार नेमका काय आहे ते सांगून विचारावे.

भारतातून करायचे असेल तर

भारतातल्या कुठल्याही शेअरबाजारात बिटकॉइनच्या फंडावर ऑप्शन चालत नाहीत. परदेशात पैसे पाठवण्याची वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतची जी सवलत रिझर्व्ह बँक देते, तिच्यात परदेशी बाजारांतील मार्जिन किंवा मार्जिन कॉलसाठी पैसे पाठवायला मनाई आहे. भारतात क्रिप्टोच्या थेट व्यवहारातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. परदेशात कुणाच्याही नावावर युनिट असतील आणि तो करासाठी भारताचा रहिवासी असेल, तर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागतात. आखातातून कायमचे परतलेले अनेक जण हे विसरतात. म्हणूनच इथल्या एखाद्या ॲपने 'क्रिप्टो ऑप्शन' देऊ केले, तर ते अमेरिकेतल्या नोंदणीकृत बाजाराचे आहेत असे समजू नका. तिथे मध्ये उभी राहणारी क्लिअरिंग संस्था इथे असेलच असे नाही.

घरात बसून विचारायचे प्रश्न

मुलाशी भांडू नये. तो कष्टाने कमावतो आणि त्याला घराचे भले करायचे आहे. त्याच्याजवळ बसून शांतपणे चार गोष्टी विचाराव्यात. तू कॉल-पुट घेतोस की विकतोस? विकत असशील, तर तुझ्याकडे युनिट आहेत का? आतापर्यंतच्या सर्व व्यवहारांची, दलालीसह, बेरीज काय? फक्त जिंकलेल्यांची नको, खात्याचे पूर्ण विवरण दाखव. आणि हे सगळे पैसे उद्या गेले तर घरातले कोणते काम अडेल?

चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात एखादे काम सापडले, तर तो पैसा यात नसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. हजचे हप्ते, बहिणीचे लग्न, मुलांची फी, बांधकामाचा पुढचा टप्पा, या प्रत्येक पैशाला तारीख लागलेली असते. ऑप्शनलाही तारीख असते, पण ती आपल्या सोयीने येत नाही.

ज्या भगिनीने हजच्या रकमेबद्दल विचारले, त्यांना आमचे उत्तर : घालू देऊ नका. व्यवहार बहुसंख्य उलेमांच्या मते नाजायज आहे, आणि हजचा खर्च हलाल कमाईतून व्हावा ही काळजी तर आपण सगळेच घेतो. मसला बाजूला ठेवून नुसता हिशेब पाहिला तरी, भाव चढूनही सगळी रक्कम बुडू शकेल अशा जागी अम्मी-अब्बांचे पैसे ठेवण्यासारखे नाहीत. भावाला हा लेख वाचायला द्या आणि वरचा ५० व ५५ डॉलरचा हिशेब त्याच्याकडूनच कागदावर मांडून घ्या. त्याला तो आमच्याहून चांगला येत असेल. मग तिसरा प्रश्न विचारा आणि विवरणाची वाट बघा. तोवर हजची रक्कम ज्या खात्यात आहे तिथेच राहू द्या.